पावसाळ्यात गोव्यातले रस्ते आणि चालक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी तालुक्यात वाळपईकडे त्याहून बराच जास्त. म्हणजे वर्षातले चार महिने आपण ओल्या रस्त्यावर गाडी चालवतो. तरीही मिरग लागून पहिली मोठी सर आली की दरवर्षी तेच प्रश्न नव्याने निघतात. ते खाली दिले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, काहींना दोन ओळी पुरल्या.

वाहने तीच, रस्ता तोच. मग पाऊस आला की पर्वरीपासून मेरशीपर्यंत सगळे तुंबते कसे?

वाहने तीच नसतात. एरवी स्कूटरने पणजीला कामावर येणारा माणूस पावसात घरातली कार काढतो. मुलांना शाळेत सोडायलाही कारच निघते. माणसे तेवढीच राहतात, पण त्यांना रस्त्यावर लागणारी जागा कितीतरी वाढते. त्यात सकाळची शाळा आणि कचेऱ्या यांची वेळ जवळजवळ एकच.

मग गाड्यांमधले अंतर. एका लेनमधून दर दोन सेकंदांनी एक गाडी पुढे जात असेल तर तासाला १८०० गाड्या जातात. पावसात चालकाने थोडे जपून अंतर ठेवले आणि दोनाचे अडीच सेकंद झाले, तर त्याच लेनमधून १४४० गाड्या जातील. चालकाने काहीच चूक केलेली नाही, उलट शहाणपणाच केला आहे. तरी तासाला ३६० गाड्या मागे उरल्या. अमेरिकेच्या फेडरल महामार्ग प्रशासनाच्या आकड्यांनुसार जोराच्या पावसात महामार्गाची क्षमता १० ते ३० टक्क्यांनी घटते, हलक्या पावसात ४ ते ११ टक्क्यांनी. हे आकडे लेन पाळणाऱ्या रस्त्यांचे आहेत. आपल्याकडे लेनची पट्टी बरेचदा फक्त रंगवलेली असते, तेव्हा आपली घट त्याहून कमी असेल असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

तिसरे कारण डोळ्यांना दिसत नाही, पण सर्वांत जास्त वेळ तेच खाते. ती ब्रेकची लाट. जपानमध्ये संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. २००८ साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. रस्त्यात ना सिग्नल होता ना खड्डा, तरी थोड्या वेळाने गाड्या थांबू लागल्या. एकाने किंचित वेग कमी केला, मागच्याने त्याहून थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि शेवटी कोणीतरी पूर्ण थांबला. ती थांबण्याची लाट ताशी वीसेक किलोमीटरने मागे सरकत राहिली. कोरड्या रस्त्यावर, स्वच्छ हवेत हे झाले. बांबोळीच्या उतारावर पावसात, काचेवर वाफ धरलेली असताना, समोरच्याचे लाल दिवे दिसले की माणूस ब्रेक जरा जास्तच दाबतो. पणजीच्या टोकाला एकाने ब्रेक मारला की वर इस्पितळाजवळच्या माणसाला कारण न कळताच थांबावे लागते, ते यामुळे.

पर्वरीत उन्नत मार्गाचे काम सुरू झाल्यापासून रस्त्याची रुंदी आणि वळणे बदलत राहिली आहेत. काल जिकडून गेलो तिकडून आज वाट नाही, आणि पट्टे पाण्याखाली. अशा ठिकाणी प्रत्येक चालक क्षणभर थबकतो, आणि त्या प्रत्येक थबकण्यातून एक नवी लाट सुटते.

पण लोक पावसात हळूच चालवतात ना? मग अडचण कुठे आहे?

हळू चालवतात, पण प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने. सगळे ताशी चाळीसने गेले असते तर वाहतूक संथ पण सुरळीत राहिली असती. प्रत्यक्षात चित्र वेगळेच दिसते. सुट्टीवर आलेला, रेंटची गाडी चालवणारा पाहुणा वीसवर येतो, कारण त्याला रस्ता ठाऊक नाही. रोज कुठ्ठाळीहून येणारा पन्नासच्या खाली उतरत नाही, कारण त्याला रस्ता नको तितका ठाऊक आहे. खासगी बसचा चालक पुढच्या स्टॉपवरचे प्रवासी दुसऱ्या बसला मिळू नयेत म्हणून साठ सोडत नाही. स्कूटरवाला डाव्या कडेचे पाणी चुकवत मध्ये येतो. चौघेही आपापल्या जागी रास्त वागत आहेत. पण एकाच लेनमध्ये वीस, चाळीस, पन्नास आणि साठ असे चार वेग झाले की ओव्हरटेक वाढतात, ब्रेक वाढतात, हॉर्न वाढतात.

पावसाळी वाहतुकीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी मला हा वेगांमधला फरकच दिसतो. खड्डे, पाणी, पोलिसांची कमतरता हे सगळे खरे आहे, पण ते सगळे शेवटी हा फरकच वाढवतात. खड्डा माहीत असलेला सरळ आखणी करून जातो, माहीत नसलेला ऐनवेळी ब्रेक मारतो, आणि मागचा त्या दोघांपैकी कोण पुढे आहे हे ओळखू शकत नाही.

म्हणून पावसात चांगले चालवायचे तर आजूबाजूच्यांच्या वेगाशी जुळवून घ्यावे आणि आपण काय करणार हे मागच्याला आधी कळू द्यावे. फारच हळू जायचे असेल तर डावीकडे राहा. उजव्या लेनमध्ये तीसने चाललेली सावध गाडी कोणालाच सुरक्षित करत नाही.

पहिल्या पावसात रस्ता जास्त निसरडा असतो, हे खरे की नुसते म्हणणे?

खरे. कोरड्या महिन्यांत डांबरावर तेलाचे थेंब, टायरचे रबर आणि धूळ यांचा थर साचतो. हलकी सर आली की तो धुऊन जात नाही, त्याचा राडा होतो. एकदोन दणदणीत सरींनंतर रस्ता धुऊन निघतो आणि पकड सुधारते. पाऊस किती दिवसांच्या खंडानंतर आला यावर अपघातांचा धोका बदलतो, असे अमेरिकेतल्या आकडेवारीच्या अभ्यासातही दिसले आहे. खंड मोठा तर धोका मोठा.

गोव्यात त्यात आपली भर आहे. डिचोली, उसगाव, सावर्डे या भागांत खनिज वाहतुकीची लाल धूळ असते, बांधकामाच्या ट्रकांच्या चाकांची माती महामार्गावर येते, आणि गावातल्या रस्त्यांवर झाडांखाली पडलेला पाला, फणसाचा आणि आंब्याचा रेंदा. शिवाय चालकाचीही सवय गेलेली असते. आठ महिने ब्रेक जसा लागत होता तसाच लागेल असे पायाला वाटत असते. ऑगस्टमध्ये मोठी उघडीप झाली की हेच पुन्हा, थोड्या प्रमाणात.

ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला नेमके किती अंतर लागते?

ढोबळ हिशेब असा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात २५ मीटर गेले. त्यानंतर चांगल्या कोरड्या डांबरावर साधारण २० मीटर, आणि ओल्यावर ३५ मीटर. म्हणजे कोरड्यात एकूण ४५, ओल्यात ६०. टायर गुळगुळीत असतील तर आणखी.

वेग ४० वर आणला तर ओल्या रस्त्यावरही सगळे मिळून ३२-३३ मीटरमध्ये भागते. ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे थोडा वेग कमी केला की फायदा मोठा होतो. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेल्यावर मनात सेकंद मोजा. कोरड्यात दोन, पावसात निदान चार. चार सेकंदांच्या जागेत कोणीतरी स्कूटर घालणारच, हे मान्य. तो घुसला की पुन्हा मागे राहा. पणजीला पोहोचेपर्यंत असे दहा जण घुसले तरी एखाद मिनिटाहून जास्त फरक पडत नाही.

गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी होते, स्टिअरिंग हलके लागते. ते काय असते?

टायरच्या खाचांतून पाणी बाहेर फेकले जाण्याचा वेग कमी पडला की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो. त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरतीच. विमानांच्या टायरवरून काढलेले एक जुने सूत्र आहे, त्यात हा वेग हवेच्या दाबावर ठरतो : ३२ पीएसआय दाब असलेल्या टायरला सुमारे ताशी ९४ किलोमीटर, २५ पीएसआय असेल तर ८३. खाचा झिजलेल्या असतील तर त्याहून कमी वेगातही हे होते. म्हणून पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड चांगली मिळते हा समज सोडून द्या. कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद.

गोव्यात हे होण्याची जागा म्हणजे महामार्गाचे नवे, रुंद, सरळ पट्टे. जुवारीच्या नव्या पुलाकडे जाणारा रस्ता, वेर्ण्याचे पठार, धारगळ ते मोपा. तिथे वेग आपोआप नव्वदवर जातो आणि दुभाजकाच्या कडेला पाण्याची पट्टी साचलेली असते. झालेच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक दाबू नका. एकदोन सेकंदांत टायर पुन्हा रस्ता धरतो.

जोरात पाऊस असला की चारही इंडिकेटर लावून चालवावे का?

नाही. बहुतेक गाड्यांत हॅझर्ड चालू असताना वळण्याचा इंडिकेटर दिसतच नाही, आणि चालती गाडी थांबलेली वाटते. हेडलाइट डिप करून लावा, मागचे दिवे आपोआप लागतात. २०१७ पासून आलेल्या नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतोच.

आणि हाय बीम?

त्याहून वाईट. थेंबांवरून प्रकाश उलटा तुमच्याच डोळ्यांवर येतो, आणि समोरच्याची ओली काच पांढरी होते.

दुचाकीवर असताना मध्येच पाऊस आला. रेनकोट घालायला कुठे थांबावे?

हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे, कारण गोव्यात रस्त्यावरची बहुसंख्य वाहने दुचाकीच आहेत. सर आली की पहिल्या उड्डाणपुलाखाली पन्नास-साठ जण गोळा होतात. आधी कडेला, मग दोन रांगांत, मग निम्मा रस्ता व्यापून. पुलाखालच्या अंधारात, पावसातून आलेल्या कारच्या चालकाला ते उशिरा दिसतात. त्याच्या काचेवर अजून पाणी असते. पुलाखाली थांबलेल्यांना मागून धडक बसते ती अशी.

थांबायचे तर रस्त्यापासून पूर्ण आत. पेट्रोल पंप, दुकानाची पडवी, बसथांबा, कुणाचा पोर्च. गोव्यात पोर्चमध्ये उभे राहिल्याबद्दल कोणी हाकलत नाही, फार तर कुत्रा भुंकेल. आपले पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाले, पाहा. प्रवासी मागे बसवून वर्षानुवर्षे पावसात चालवणारे हे लोक आभाळ भरले की कोट आधीच अंगात घालतात, सरीची वाट पाहत नाहीत.

मागे बसलेल्याने छत्री उघडणे हा प्रकार मात्र सपशेल बंद करावा. मांडवीच्या पुलावर आडवा वारा आला की छत्री शिडाचे काम करते आणि स्कूटर बाजूच्या लेनमध्ये जाते. अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, पण खालच्या पुलांवरही वारा काही कमी नसतो. पाठीमागे लोंबणारा, चाकात जाईल असा पोंचोसुद्धा नको. शर्ट-पँट पद्धतीचा, उजळ रंगाचा रेनकोट घ्या. काळा रेनकोट घातलेला स्वार जुलैच्या संध्याकाळी कोणालाही दिसत नाही.

बेळगावला जायचे आहे. चोर्ल्याने की अनमोडने?

आधी दोन्ही चालू आहेत का ते बघा. २०२५ च्या जुलैत अनमोड घाटात रस्त्याचा भाग खचला आणि अवजड वाहने बंद करावी लागली. २०२१ च्या जुलैतल्या मोठ्या पुरात तर सत्तरीपासून पेडण्यापर्यंत अनेक वाटा एकाच वेळी तुटल्या होत्या, रेल्वेही दूधसागरजवळ अडकली होती. निघण्याआधी घाटातून त्याच दिवशी आलेल्या कोणाला तरी फोन करणे हा अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. मोल्याच्या चेकनाक्यावर किंवा केरीतल्या टपरीवर विचारले तरी चालते.

चोर्ल्यात मुख्य शत्रू धुके. केरी, अंजुणे धरण मागे टाकून वर चढलात की सुमारे आठशे मीटरवर ढगच रस्त्यावर बसलेला असतो. धुक्यात माणसाला आपला वेग नीट कळत नाही. १९९८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात समोरचे चित्र फिके केले की चालकांना आपण हळू जातोय असे वाटले आणि त्यांनी वेग वाढवला. पुढे दुसऱ्या संशोधकांनी अंतराबरोबर दाट होत जाणारे खरे धुके दाखवले तेव्हा उलटे दिसले, माणसे हळू झाली. वाद शास्त्रज्ञांनी सोडवावा. आपल्यासाठी मथितार्थ एवढाच की धुक्यात अंगच्या अंदाजावर जाऊ नये, स्पीडोमीटर बघावा.

घाटातली खरी वाईट सवय म्हणजे पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांचा आधार घेणे. दिवे दिसत राहावेत म्हणून मागचा जवळ जवळ जातो, पुढच्याला मागे कोणी चिकटल्याचे दडपण येते आणि तो वेग वाढवतो. अशी पाच-सहा गाड्यांची माळ तयार होते आणि तिच्यातल्या पहिल्याला जे दिसते तेवढेच सगळ्यांना दिसते. माळेत अडकलात तर सुरक्षित जागा बघून बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या. पांढरी कडेची पट्टी धरून चला. काच थोडी खाली ठेवा, वळणापलीकडचा ट्रक आधी ऐकू येतो.

आणि धबधब्याजवळ फोटोसाठी वळणावर गाडी लावणाऱ्यांना काय सांगावे? रविवारी चोर्ल्यात अर्धी कोंडी त्यांचीच असते.

अनमोडला धुके त्या मानाने कमी, पण मोठी वाहने जास्त आणि जंगल अभयारण्याचे. ट्रकच्या मागे अडकलात तर अडकून राहा. काणकोणच्या वाटेवरच्या करमल घाटालाही हेच लागू. तिथे वळणे इतकी लागोपाठ आहेत की ओव्हरटेक करून मिळतो तो फक्त पुढचा ट्रक.

पणजीत पाणी कधी भरणार हे आधी कळते का?

बऱ्यापैकी कळते, त्यासाठी पावसाबरोबर भरतीचे वेळापत्रक बघावे लागते. पणजीचे सखल भाग मळा, सांतिनेज, १८ जून मार्ग. त्यांचे पाणी शेवटी मांडवीत जाते. भरती असेल तर नदीच वर आलेली असते आणि नाल्यांतले पाणी बाहेर पडत नाही. सुकती म्हणजे ओहोटी असताना तोच पाऊस तासाभरात उतरतो. अमावास्या-पुनवेच्या आसपास भरती मोठी असते आणि तिची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. तेव्हा पुनवेच्या दिवसांत भरतीच्या वेळी सर कोसळायची चिन्हे असली की गाडी १८ जून मार्गावर लावून निर्धास्त राहू नका.

हवामान खात्याचा इशारा वाचताना हेही लक्षात घ्या : २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार असे ते वर्ग आहेत. वाहतुकीच्या दृष्टीने दिवसाची बेरीज दुय्यम. शंभर मिलिमीटर दिवसभर झिमझिम पडले तर कोणाचे काही अडत नाही. त्यातले चाळीस सकाळी साडेआठच्या तासाला आले की पणजीच्या पाटोपासून मेरशीपर्यंत रांग लागते. ऑरेंज अलर्टच्या दिवशी अर्धा तास लवकर निघण्याचा फायदा एवढ्यासाठीच : सर तुम्हाला टाळता येणार नाही, पण सर आणि गर्दी एकाच वेळी अंगावर घेणे टाळता येते.

साचलेल्या पाण्यातून गाडी काढू का?

तळ दिसत नसेल तर नको. वाहते पाणी असेल तर मुळीच नको. फूटभर पाणी बऱ्याचशा गाड्यांना तरंगवायला पुरते आणि दोन फूट वाहते पाणी जीपलाही ओढून नेते. गावातला व्हाळ रस्त्यावरून जात असेल तर त्याखाली मोरी अजून शाबूत आहे की नाही हे वरून समजत नाही.

साठलेल्या उथळ पाण्यातून जायचेच असेल तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारखा ॲक्सिलरेटर ठेवून, समोरून कोणी येत नसताना. समोरून बस आली तर तिची लाट तुमच्या बॉनेटपर्यंत येते. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम लाखावर जाते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कव्हर असते. मे महिन्यात नूतनीकरण असेल तर तेवढे विचारून घ्या.

फेरीबोट पावसात बंद असते का?

रोज नाही. वाऱ्याचा जोर वाढला किंवा पुराच्या पाण्याने प्रवाहाला ओढ आली की नदीपरिवहन खाते तेवढ्यापुरती थांबवते. चोडण, दिवाडीच्या लोकांना हे ठाऊकच आहे. रायबंदर-चोडण मार्गावर २०२५ पासून मोठी रो-रो बोट आली आहे. धोका बोटीपेक्षा धक्क्यावर जास्त असतो. सुकतीला धक्क्याचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि तिथे दुचाकी आडवी होते. पुढचा पूर्ण वर चढल्याशिवाय आपली गाडी उताराला लावू नका.

पावसात अपघात जास्त होतात की कमी?

दोन्ही बाजूंनी अर्धवट बोलले जाते. देशाच्या सरकारी अहवालात बहुतांश अपघात स्वच्छ हवामानात नोंदलेले दिसतात, त्यावरून पाऊस सुरक्षित असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. वर्षातले बहुतेक तास कोरडेच असतात, त्यामुळे आकडा तसाच येणार. तेवढ्याच अंतरासाठी तुलना केली तर ओल्या रस्त्यावर धडका वाढतात. पण वेग कमी असल्याने त्यांतल्या बऱ्याचशा बंपर आणि दिवे फुटण्यावर भागतात.

मला भीती वाटते ती सर थांबल्यानंतरच्या अर्ध्या तासाची. आभाळ उघडते, वायपर बंद होतो, अडकलेला वेळ भरून काढायचा असतो, आणि रस्ता मात्र ओलाच असतो. वेग लगेच परत येतो, पकड येत नाही. कोविडची दोन वर्षे वगळली तर गोव्यात अलीकडे दरवर्षी अडीचशे ते तीनशे माणसे रस्त्यावर मरतात, त्यांत सर्वाधिक दुचाकीवरची. दुचाकीवर पडण्याला किरकोळ असे काही नसते.

मॅप आतल्या रस्त्याने जायला सांगतो. ऐकावे का?

उन्हाळ्यात हरकत नाही. पावसात मॅपला गर्दी दिसते, पाणी दिसत नाही. चिंबल किंवा ताळगावच्या आतल्या वाटेला एक कार उलटी आली की दोघांनाही चिखलाची कड घ्यावी लागते, आणि महामार्गावरून वळलेल्या पन्नास जणांना मॅपने तीच वाट सांगितलेली असते. रायबंदरचा बांध मिठागरांच्या कडेने जातो. तो जुना, अरुंद आणि सरळ आहे, म्हणून लोक तिथे वेग घेतात. तिथल्या वाऱ्यात दुचाकीने जपून.

चवथीच्या आधीचे चार दिवस एवढे कठीण का जातात?

पाऊस, माटोळीचा (गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांचा) बाजार आणि मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी, तिन्ही एकदम. म्हापशाला बाजाराच्या आसपास दोन्ही कडांना गाड्या लागतात, छत्र्या घेतलेली माणसे रस्त्यावरूनच चालतात, आणि छत्री पुढे झुकवलेल्या माणसाला गाडी दिसत नाही. पत्रादेवीपासून महामार्गावर रात्रभर चालवून थकलेले चालक असतात. सामान सकाळी सातच्या आत आणा, नाहीतर बसने जा. कदंबच्या सरकारी बसमध्ये पावसात चढायला-उतरायला वेळ लागतो हे खरे, पण पार्किंग शोधण्यापेक्षा कमीच.

रात्री रस्त्यावर गुरे बसलेली असतात. पावसाळ्यातच एवढी का?

शेतात आणि माळावर चिखल, माश्या, पाणी. डांबर त्या मानाने कोरडे आणि दिवसभराची ऊब धरलेले. काळी गाय ओल्या काळ्या रस्त्यावर हेडलाइटमध्येही शेवटच्या क्षणी दिसते, कारण ओला रस्ता प्रकाश पुढे परावर्तित करतो, तुमच्याकडे परत फार थोडा येतो. दुभाजकाच्या कडेची लेन त्यांना विशेष आवडते, म्हणून रात्री तिथे वेग घेऊ नका. एक दिसली तर कळप आहे असे धरा. तुम्ही टाळून पुढे गेलात तरी मागच्यासाठी ब्रेकचे दिवे दोनदा लुकलुकवा.

वळणावर झाड आडवे पडले आहे. काय करायचे?

गाडी वळणाच्या अलीकडे, कडेला लावा आणि आता मात्र हॅझर्ड लावा. ११२ किंवा अग्निशामक दलाच्या १०१ वर जवळची खूण सांगा : देऊळ, चॅपल, शाळा, तिस्क. मागे वळणापाशी एकाला हात दाखवायला उभे करा, त्याने रस्त्याच्या बाहेर उभे राहावे. फांद्यांत विजेची तार अडकलेली दिसली तर कोयता घेऊन पुढे सरसावणाऱ्याला अडवा, पाण्यात पाय ठेवू नका, आणि वीज खात्याची माणसे पुरवठा बंद केल्याचे सांगेपर्यंत कोणालाही खालून दुचाकी काढू देऊ नका.